हिरवी कांडी संपली तेव्हा

यंदाच्या रथसप्तमीला, सकाळी साडेनऊ वाजता, आमच्या वाजंत्री गल्लीच्या तोंडाशी बबनमामाच्या पुतळ्यावरची चादर काढली. चौथऱ्यासकट खर्च एक लाख शहाऐंशी हजार चारशे रुपये. तो गल्लीनेच वर्गणी काढून केला आणि हिशेब माझ्याकडे होता, म्हणून आकडा पक्का आहे. हजर होती ती गल्लीतली झाडून सगळी माणसं, बॅण्ड कंपन्यांचे वादक गणवेशात, वॉर्डाचे नगरसेवक, मूर्तिकार, माझी आई खुर्चीवर आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर ऐंशी पार केलेले नरसय्याकाका, काठीवर हनुवटी टेकून.

चादर म्हणजे खरोखरची सोलापुरी चादर. साटीनचं लाल कापड आणायचं ठरत होतं, पण मी घरच्या ट्रंकेतली ही जुनी चादर दिली. नगरसेवकांनी ती ओढली तेव्हा तिचा मधला भाग त्यांच्या हातात आला. ते खाली वाकून म्हणाले, "बाई, ह्यात डिफेक्ट हाय की." मी म्हटलं, "आहे. म्हणूनच टाकली." त्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं, त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

माझ्या लहानपणी आमची गल्ली अशी होती की एका अंगाला बॅण्डवाल्यांची घरं आणि समोरच्या अंगाला यंत्रमागांचे कारखाने. कारखाने म्हणजे पत्र्याच्या लांबट खोल्या. आत माग, माथ्यावर धुरकट बल्ब, दारात कापसाचे तंतू उडतायत. सकाळपासून रात्रीपर्यंत खटाक-खटाक. पाहुणे आले की पहिल्या दिवशी कानावर हात ठेवायचे आणि आम्ही त्यांना विचारायचो, काय झालं? आम्हाला ते ऐकूच यायचं नाही. ऐकू यायचं ते थांबल्यावर. आठवड्यातून एकदा विजेची सुट्टी असायची, त्या दिवशी सगळे माग बंद. भर दुपारी पाळण्यातली पोरं दचकून उठायची, म्हातारी माणसं उगाच दारात येऊन उभी राहायची. आई म्हणायची, "आज गल्ली मेल्यागत वाटती."

अण्णा, म्हणजे माझे वडील, बॅण्डमास्तर. त्यांची कंपनी छोटी, पण शिस्तीची. आई सगळ्यांचे कोट शिवायची. लाल कोट, खांद्यावर आणि बाह्यांवर जरीची फीत. आमच्या दोन खोल्यांत माणसांपेक्षा कोट जास्त. रात्री खुंट्यांवर टांगलेले ते कोट अंधारात रांगेत उभे असायचे. झोप लागता लागता मला वाटायचं, आता हे वाजवायला लागतील. मापं घ्यायचं काम माझं. टेप लावायची, आकडा आईला ओरडून सांगायचा आणि तो डोक्यात ठेवायचा. आकड्यांची सवय मला तिथे लागली. पुढे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी आयुष्यभर हिशेब लिहिले, पण माणूस समोर आला की आजही आधी त्याचे खांदे मोजले जातात.

लगीनसराईत घराला चिंचेचा वास यायचा. तुताऱ्या, ट्रम्पेटं, मोठा भोंगा, सगळं पितळ परातीत चिंचेच्या कोळाने घासायचं आणि उन्हात ठेवायचं. त्याच उन्हात बाजूला ज्वारीच्या भाकऱ्या कडक व्हायला ठेवलेल्या असायच्या. वाजवून परत आलेली माणसं ओसरीवर बसून त्या मोडून खायची, वर शेंगाचटणी आणि कच्चं तेल. ओठ वाजवून वाजवून सुजलेले, त्यामुळे तिखट लागलं की सगळे एकदम स्स करायचे. तो स्स आणि समोरचं खटाक. माझ्या लहानपणाला तोंड असतं तर ते असाच आवाज करून बोललं असतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गल्लीत वाद्यं सुरात लावायला पेटी वापरत नसत. मागांच्या मोटारी चालू असल्या की त्या खटाकच्या खाली एक सलग घुमारा असायचा. विहिरीत तोंड घालून कुणी लांब 'अं' म्हणावं तसा. सगळ्या कंपन्या सकाळी त्या घुमाऱ्यावर वाद्यं लावायच्या. त्याला 'कारखान्याची पट्टी' म्हणायचे. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणाला माहीत नाही. बाहेरगावचा वादक आला आणि पेटी काढून बसला तर आमचे लोक हसायचे, "हितं पेटी कशाला? सरकार फुकट सा देतंय की." त्यात एकच खोट होती. संध्याकाळी शहरातले दिवे लागले की विजेचा जोर उतरायचा आणि घुमारा केसभर खाली यायचा. सकाळी लावलेलं पितळ संध्याकाळी वाजवलं तरी सगळं पितळ एकाच पट्टीचं असायचं, म्हणून ते कधी कुणाला खटकलं नव्हतं.

बबनमामा आईचा धाकटा भाऊ. सांगोल्याकडून आमच्याकडे आला तेव्हा विशीचा होता. तिकडे पाण्याच्या टँकरमागे धावण्यापेक्षा इथे दाजींच्या हाताखाली काही शिकेल, असं आजीचं म्हणणं. अण्णांनी त्याला दिव्यांच्या गाड्यावर ठेवलं. वरातीत ट्यूबलाइट आणि जनरेटर असलेला हातगाडा ढकलायचा. ट्रम्पेट त्याच्या हातात दिलं तर त्याने फुंकलं, खाली ठेवलं आणि म्हणाला, "दाजी, ह्यात माझा जीव बसत न्हाय."

त्याचा जीव कशात बसायचा ते लवकरच कळलं. जेऊरच्या स्टेशनात नोकरीला असलेल्या त्याच्या मित्राला गाडीच्या डब्यात एक कॅसेट सापडली होती, नाव नाही, गाव नाही. ती मामाकडे आली. परदेशी गाणी, नुसती गिटार, ढोल आणि एका माणसाचा घसा. आई कोटाला काज करत ऐकायची.

"बबन, हा माणूस भांडतोय का रडतोय?"

"दोनी, आक्का."

"मग बायकोचं कायतरी असंल."

एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राची विजेवरची गिटार कुणी विकायला काढली, ती मामाने घेतली. स्पीकर जुन्या बाजारातून आणला. त्याचा पडदा फाटलेला होता, त्यामुळे प्रत्येक स्वर खरखरत, गुरगुरत बाहेर यायचा. अण्णा म्हणाले, "अरे भोंगा फाटलाय, परत दे." मामा म्हणाला, "फाटलाय म्हणून तर घेतला."

दुपारी कारखान्यांकडे तोंड करून तो ओसरीवर बसायचा. मागाच्या ठोक्यावर हात टाकायचा. खटाक झालं की तार, खटाक झालं की तार. शिकवायला कुणी नव्हतं, ताल द्यायला मात्र समोर सगळा कारखाना होता. मी अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून ऐकत राहायची आणि मला वाटायचं, समोर कापड विणतायत आणि मामा त्या कापडात काहीतरी सोडतोय, जे नंतर कुणाच्या तरी अंथरुणात निघेल. उन्हं कलायची, पुस्तकाचं पान तेच असायचं.

समोरच्या कारखान्यात नरसय्याकाका होते. मालक नव्हेत, कामगार. जकार्डच्या मागावर फुलांच्या चादरी विणायचे. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. आयुष्यभर मागाच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे 'चहा झाला का' हेही ते भांडल्यासारखं विचारायचे. त्यांना हाताखाली एक पोरगा हवा होता, मागाला लागणाऱ्या रंगीत सुताच्या कांड्या भरायला.

अण्णांनी एक दिवस जेवता जेवता विषय काढला. ते वाईट माणूस नव्हते. मामाच्या वयात घराला जबाबदारी लागते एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

"बबन, येत्या वरातीत तुझं तारेचं वाद्य घेऊ. गाड्यावर स्पीकर ठेव. लोकांनी मान डोलावली तर तू बॅण्डात. तोंडं वाकडी केली तर सोमवारपासून नरसय्याच्या हाताखाली, आणि गिटार ज्याची त्याला परत. मी बोललोय त्याच्याशी."

मामाने भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला. "एकच वरात?"

"एकच. माझ्याकडं दहा माणसांची पोटं हायत."

आईने त्या रात्रीच कापड काढलं. मामाची मापं मीच घेतली. खांदा साडेपंधरा. डावी बाही उजवीपेक्षा अर्धा इंच लांब. आईने कोट शिवला, पण फीत लावली नाही. बॅण्डात उभ्या राहणाऱ्यालाच फीत, असा आमच्या गल्लीचा नियम होता, आणि आई भावासाठीही नियम मोडणारी नव्हती. फितीचं रीळ मात्र तिने सुईदोऱ्यासकट शिवणयंत्रावर काढून ठेवलं.

वरातीच्या दिवशी अण्णांच्या माणसांनी नेहमीप्रमाणे सकाळी पितळ लावून घेतलं. मामा दिवसभर जनरेटरच्या मागे होता. तेल आण, गाडा धू, ट्यूबा बसव. गिटार हातात घेतली तोवर दिवे लागले होते. तो ओसरीवर बसला, कारखान्याकडे कान केला आणि एकेक तार शांतपणे लावली. संध्याकाळच्या घुमाऱ्यावर. मी समोर बसले होते. ना त्याच्या लक्षात आलं, ना माझ्या, ना गल्लीतल्या कुणाच्या. पेटीवर लावणाऱ्या माणसाकडून अशी चूक झालीच नसती.

नवऱ्या मुलाचं घर आमच्या गल्लीच्या पलीकडच्या टोकाला. कार्यालयातून वरात निघाली ती आमच्या गल्लीतूनच जाणार होती. आमचं घर गल्लीच्या तोंडाशीच. आई आणि मी उंबऱ्यात उभ्या राहिलो, आईच्या हातात तो बिनफितीचा कोट. मामाने तो घातला नव्हता. म्हणाला होता, "फीत लागली की घालतो."

लांबून बॅण्ड ऐकू यायला लागला आणि आईने माझा दंड धरला. पितळ एकीकडे, तार दुसरीकडे. फार नाही, केसभरच, पण दुधात लिंबाचा एकच थेंब पडावा तसं सगळं नासल्यासारखं वाटत होतं. सनईच्या जागी क्लॅरिनेट वाजवणारे गफूरचाचा चालता चालता मामाला काय म्हणाले ते नंतर सगळ्या गल्लीला पाठ झालं. "बबन, तेरी तार को सर्दी हुई क्या रे?" मामा सारखा खुंट्या पिळत होता. पण त्या गोंगाटात तो तार लावणार कशावर? त्याला एकच सा माहीत होता, आणि तो गल्लीत होता.

वरात गल्लीच्या तोंडाशी आली. आज जिथे पुतळा आहे, तिथेच. नवरदेवाचे चुलते पुढे झाले आणि अण्णांच्या समोर उभे राहिले. अण्णांनी हात वर केला. बॅण्ड थांबला.

"मास्तर, लग्न हाय आमच्याकडं," चुलते म्हणाले. "ते तारेचं तरी बंद करा, न्हायतर तुमी तरी."

अण्णा मामाकडे वळले. हात अजून वरच. मामाने गिटार खाली घेतली नव्हती. त्याचं बोट सगळ्यात जाड तारेवरून नुकतंच निघालं होतं आणि ती तार अजून घुमत होती. आणि पितळ गप्प झाल्यामुळे कारखाने ऐकू यायला लागले. इतक्या वर्षांत मी ते माग असे कधी ऐकले नव्हते. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळे. खाली तो घुमारा, आणि मामाची तार विझण्याऐवजी त्यात जाऊन मिसळली. केसाचंही अंतर नाही. कुठे तार संपली आणि कुठे मोटार सुरू झाली ते सांगता येईना.

मामाच्या तोंडावर काय आलं ते मी सांगू शकत नाही. घरी पोचलेल्या माणसाच्या तोंडावर येतं तसं काहीतरी. त्याने ठोका पकडला. खटाकबरोबर हात टाकला. फाटका भोंगा गुरगुरला आणि त्याने वाजवायला सुरुवात केली. कॅसेटमधलं नव्हतं. लग्नातलं नव्हतं. ओसरीवर दुपारी जे थोडं थोडं येत असे, ते सगळं एकदम आलं.

अण्णांचा हात वर होता. तो खाली आला असता तर पितळ सुरू झालं असतं, कारण वादक हाताकडे बघूनच सुरू होतात. अण्णांनी तो खाली आणला नाही. गाणं होईपर्यंत माझे वडील ट्यूबलाइटच्या उजेडात हात वर करून उभे होते. खांदा भरून आला असणार.

समोर नरसय्याकाकांनी कारखान्याचं दार सताड उघडलं. मग शेजारचं उघडलं, मग पलीकडचं. मागांचा आवाज दुप्पट झाला. नरसय्याकाका दारात उभे राहिले, मागाकडे पाठ करून. चालत्या मागाकडे त्यांनी पाठ केलेली मी ती एकदाच पाहिली. नवरदेवाच्या घोड्याने कान टवकारले. पोरं नाचायला लागली, आधी चुकत, मग मागांच्या ठोक्यावर. चुलते कमरेवर हात ठेवून उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी हात काढले.

अजूनही पहाटे कधी जाग येते आणि ते गाणं आठवतंय असं वाटतं. पण आठवतो तो उजेड, घोडा, आईच्या हातातला कोट. स्वर हाताला लागत नाहीत. तेव्हा कुणी काही टेप केलं नव्हतं.

गाणं संपलं. अण्णांनी हात खाली घेतला, पितळ सुरू झालं आणि वरात पुढे गेली. मामाशी ते एक शब्द बोलले नाहीत. रात्री नाही, सकाळी नाही. रविवार होता. मामाने गिटार फडक्यात बांधून दाराशी ठेवली होती, परत द्यायला. आई चूल फुंकत होती, पण आग केव्हाच लागलेली होती.

नरसय्याकाका आले, काखेत घडी केलेली चादर. ओसरीवर बसले आणि नेहमीच्या भांडणाच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमचा पोरगा मला नको."

अण्णांनी विचारलं, "का? सोमवारपास्नं पाठवतोच की."

"नको म्हंतो ना. हे बगा." त्यांनी चादर उलगडली. लाल जमिनीवर पांढरी फुलं, प्रत्येक फुलाला हिरवी पानं. मधे वीतभर पट्ट्यात फुलं होती, पानं नव्हती. "हिरवी कांडी संपली, मला कळलंच न्हाय. माग काय, अडाणी, चालतच राह्यला. मालकानं चादर माझ्या गळ्यात मारली, मजुरीतून कापले. येका गाण्यात येक चादर गेली. हा रोज माझ्या हाताखाली आला तर रोज येक जाईल. मी जगू का मरू?"

आई चुलीपुढे पदर तोंडाला लावून बसली होती. हसत होती की काय, मला दिसलं नाही.

अण्णा बराच वेळ त्या पट्ट्यावर हात फिरवत राहिले. मग आत गेले, बंडीच्या खिशातून पैसे घेऊन आले. नरसय्याकाकांनी त्यांचा हात तसाच मागे लोटला आणि चहा मागितला. चादर घडी करून आमच्या ओसरीवर ठेवली आणि गेले.

अण्णा आईला म्हणाले, "फीत कुटं हाय ती?" आणि दाराशी बांधून ठेवलेल्या गिटारीची गाठ त्यांनी स्वतः सोडली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मामा आमच्या बॅण्डात वाजवायला लागला, मग पुण्यात गेला, मग कॉलेजांच्या मैदानांवर त्याच्या नावाने पोरं ओरडायला लागली. गल्लीत लोक त्याला 'रॉकवाला' म्हणायचे, अगदी वय झाल्यावरसुद्धा. दर गणपतीला तो परत यायचा आणि ओसरीवर बसून कारखान्याच्या पट्टीवर तारा लावायचा. नंतर नंतर कारखाने एकेक करून एमआयडीसीकडे गेले. शेवटच्या वर्षी तो म्हणाला, "पमे, आता सा बारीक झाला गं." त्याच हिवाळ्यात तो गेला.

मूर्तिकार गणपती करणारा. त्याने मला विचारलं, "ताई, आशीर्वादाचा हात कुठला ठेवू?" मी म्हटलं, दोन्ही हात कामात आहेत. खांदा साडेपंधरा सांगितला, डावी बाही अर्धा इंच लांब. कोटावर फीत आहे. गिटारीला त्याने खऱ्या तारा बसवल्या आहेत, ताणून.

रथसप्तमीला भाषणं झाली, बॅण्ड वाजले, मग सगळं शांत झालं. गल्लीत आता एकच कारखाना उरलाय, नरसय्याकाकांच्या नातवाचा. त्याने माग चालू ठेवले होते. वारा सुटला होता. पुतळ्याच्या तारा अगदी हलक्या घुमत होत्या, आणि आई डोळे मिटून बसली होती. मी नरसय्याकाकांपुढे पाकीट धरलं. एका चादरीची आजची किंमत. मी सांगितलं, अण्णांचं राहिलेलं आहे.

त्यांनी पाकीट बघितलं, पुतळा बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पमा, तिकिटाचे पैसे कोण परत घेतंय का?"

तेव्हा शेवटी दिलं ते असं. मूर्तिकाराला ठरल्याप्रमाणे पूर्ण रक्कम, वर टॉवेल, टोपी आणि नारळ. मांडववाल्याला त्याचं भाडं. नरसय्याकाकांना टॉवेल, टोपी, नारळ. रोख काही नाही. चादर घडी करून मी परत घरी आणली.